एकेक पाऊल मागे येत 384 मॅच : माकोतो हासेबे

मधलीफळी
बरेच दिवस डोक्यात होतं, आज बसून लिहून काढतोय, लांबलं तर सांभाळून घ्या. फुटबॉलवर धागे निघतात ते बहुतेक स्ट्रायकरचे, गोल मोजता येतात म्हणून असेल. मला एका मिडफिल्डरवर लिहायचंय. माकोतो हासेबे. जानेवारी 2008 मध्ये जपानहून जर्मनीला गेला तेव्हा नुकतंच 24 वं लागत होतं, मे 2024 मध्ये तिथेच रिटायर झाला तेव्हा 40 वर्षांचा होता. मधली सगळी 16 वर्षं एकाच परक्या देशात, एकाच लीगमध्ये, बुंडेसलीगात. 384 मॅच. आणि गोल किती तर 7.

हा 7 चा आकडा बघून एका मित्राने मला विचारलं की मग हा एवढा भारी कसा? त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून हा धागा.

हासेबे फुजिएदाचा, शिझुओका प्रांतातला. जपानमध्ये शिझुओका म्हणजे फुटबॉलवेडा भाग, शाळांचं फुटबॉल तिथे फार जोरात चालतं. शाळा संपवून 2002 ला तो उरावा रेड्समध्ये आला. आणि गंमत म्हणजे तेव्हा तो अटॅकिंग मिडफिल्डर होता, बॉल घेऊन मधून सुसाट धावणारा. 2004 ला जे-लीगच्या बेस्ट इलेव्हनमध्ये आला, 2006 ला उरावाने लीग जिंकली, 2007 ला एशियन चॅम्पियन्स लीग. घरी राहिला असता तरी आयुष्यभर स्टारच राहिला असता.

तो गेला वोल्फ्सबुर्गला. तिथून पुढचं सगळं करिअर म्हणजे मैदानात एकेक पाऊल मागे येणं आहे. अटॅकिंग मिडफिल्डवरून उजवीकडच्या मिडफिल्डला, कधी राइट बॅक, मग दोन डिफेन्सिव्ह मिडफिल्डरपैकी एक, मग फ्रँकफर्टला तिघांच्या बॅकलाइनमध्ये मधला, म्हणजे चक्क लिबेरो, सगळ्यांच्या मागे राहून बचाव सांभाळणारा. बहुतेक खेळाडूंना मागे ढकललं की त्यांचा इगो दुखावतो, खेळ उतरतो, दोन वर्षांत ते घरी परत जातात. हा प्रत्येक वेळी नव्या जागेवर जाऊन परत उपयोगाचा ठरला आणि म्हणून टिकला. माझं म्हणणं एवढंच आहे की परदेशात टिकणं हेच त्याचं कौशल्य होतं आणि ते ड्रिब्लिंगइतकंच शिकून कमवावं लागतं.

निळाशर्ट
मस्त धागा. तुम्ही मागे येत गेला म्हणालात पण शेवटचं पाऊल सांगितलंच नाही, तो गोलकीपर पण झालाय! सप्टेंबर 2011, वोल्फ्सबुर्ग हॉफेनहाइमच्या मैदानावर, कीपर मार्विन हिट्झला रेड कार्ड मिळालं आणि तिन्ही बदली खेळाडू वापरून झाले होते. ग्लोव्हज घालून हासेबे उभा राहिला गोलमध्ये. एक गोल खाल्ला, मॅच 3-1 ने हरले, पण विचार करा, मैदानावर दहा जण उरलेत आणि कोच कोणाकडे बघतो? ज्याला काहीही सांगितलं तरी तो मान हलवून करेल त्याच्याकडे.

मधलीफळी
@निळाशर्ट अगदी, ते राहूनच गेलं. धन्यवाद.

काजवा
वाचतेय. मला एक सांगा, जर्मनीच का? जपानी खेळाडू म्हटलं की कायम बुंडेसलीगाच असते, इंग्लंड किंवा स्पेनला का नाही जात एवढे?

सहानंबर
@काजवा याला कारणं आहेत आणि ती बरीचशी कागदपत्रांची आहेत. एक म्हणजे 2006-07 पासून जर्मन लीगने युरोपबाहेरच्या खेळाडूंवरची संख्येची मर्यादा काढून टाकली, क्लबकडे किमान 12 जर्मन खेळाडू करारावर असले पाहिजेत एवढीच अट ठेवली. स्पेन-इटलीत बाहेरच्या खेळाडूंसाठी मोजक्याच जागा असतात आणि त्या जागांवर ब्राझील-अर्जेंटिनावाले बसतात. इंग्लंडला वर्क परमिटची भानगड, राष्ट्रीय टीमकडून किती मॅच खेळलात वगैरे बघायचे.

दुसरं कॅलेंडर. जे-लीगचा सीझन तेव्हा वसंतात सुरू होऊन डिसेंबरला संपायचा. म्हणजे जपानचा खेळाडू डिसेंबरला मोकळा झाला की जानेवारीच्या ट्रान्सफर विंडोत, म्हणजे क्लब बदलायच्या मुदतीत, सरळ जर्मनीत. हासेबेचं तसंच झालं. यातला तोटा असा की सीझनच्या मधोमध गोठलेल्या मैदानावर, तयार टीममध्ये, भाषा येत नसताना घुसायचं.

तिसरं म्हणजे स्वस्त मिळायचे हो. जपानचाच मिडफिल्डर शिंजी कागावा, त्याला डॉर्टमुंडने 2010 ला फक्त साडेतीन लाख युरोत उचलला आणि तो पुढे लागोपाठ दोन वर्षं लीग जिंकून गेला. त्यानंतर तर सगळ्याच जर्मन क्लबांचं लक्ष जपानकडे गेलं. हासेबे मात्र कागावाच्या आधी अडीच वर्षं तिथे पोचला होता हे लक्षात घ्या, म्हणजे ही रांग लागायच्या आधीचा माणूस आहे तो.

काजवा
हे माहीतच नव्हतं, थँक्यू. कागदाच्या एका नियमाने एवढ्या लोकांची आयुष्यं बदलली.

रविवारसकाळ
छान माहिती. बुंडेसलीगा जिंकणारा पहिला जपानी पण हासेबेच ना? वोल्फ्सबुर्गबरोबर 2009 ला.

सहानंबर
नाही नाही, दुसरा. पहिला यासुहिको ओकुदेरा, 1977-78 ला कोलोनकडून. ओकुदेराच्या बुंडेसलीगात 234 मॅच होत्या, जपानी खेळाडूंमध्ये तो रेकॉर्ड तीस वर्षं टिकला, तो हासेबेने 2017 ला मोडला.

मधलीफळी
2008-09 चा तो सीझन वेगळाच होता, जरा थांबून लिहायलाच हवं. हिवाळी सुट्टीला वोल्फ्सबुर्ग नवव्या नंबरवर होतं. नवव्या! मग लागोपाठ दहा मॅच जिंकले. ग्राफितेचे 28 गोल, झेकोचे 26, मागून मिसिमोविच पास देतोय. बायर्नला 5-1 हरवलं, त्यात ग्राफितेने बायर्नचा अख्खा बचाव चकवून टाचेने मारलेला गोल ज्याने पाहिला तो विसरू शकत नाही. त्या क्लबचं आजवरचं एकमेव लीग विजेतेपद.

यात हासेबेचं नाव कुठे येत नाही. पण तो 25 लीग मॅच खेळला त्या सीझनला. आणि कोच कोण तर फेलिक्स मागाथ, म्हणजे मेडिसिन बॉल उचलून पळवणारा, टेकडी चढवून घेणारा, खेळाडू ज्याच्या ट्रेनिंगला घाबरायचे तो. जपानहून नवीन आलेल्या पोराला युरोपमधला पहिलाच कोच हा मिळाला. पुढे मागाथ शाल्केला गेला, परत आला, आणि 2012 ला हासेबेला क्लब सोडायचा होता पण जमलं नाही तर त्याने त्याला सरळ टीमच्या बाहेर बसवलं. ऑक्टोबरमध्ये मागाथची हकालपट्टी झाली आणि हासेबे परत खेळायला लागला. मधल्या काळात गपचूप ट्रेनिंग करत राहिला. परदेशात अशा वेळी माणूस किती एकटा पडत असेल याचा मी नेहमी विचार करतो, घरचं कोणी नाही, टीम बसमध्ये जागा नाही आणि शनिवारी मॅच टीव्हीवर बघायची.

तिठा
मी जरा वेगळं मत मांडतो, राग मानू नका. टिकणं ठीक आहे पण त्याला महान करिअर म्हणायचं का? कागावा मँचेस्टर युनायटेडला गेला, प्रीमियर लीग जिंकला, हॅटट्रिक मारली तिथे. जपानचाच होंडा मिलानमध्ये 10 नंबर घालून खेळला. नाकाता रोमाबरोबर इटलीत लीग जिंकला. हासेबे वोल्फ्सबुर्ग, न्यूर्नबर्ग, फ्रँकफर्ट. न्यूर्नबर्ग तर तो असताना खालच्या लीगमध्ये गेलं. मोठ्या क्लबने त्याला कधी मागितलंच नाही, मग तो तिथेच राहिला यात निवड किती आणि नाइलाज किती?

निळाशर्ट
@तिठा न्यूर्नबर्गचं त्याच्यावर ढकलू नका ना. 14 मॅच खेळला तिथे, गुडघ्याने अर्धा सीझन खाल्ला.

मधलीफळी
@तिठा राग कशाला, प्रश्न बरोबर आहे. कागावा मलाही हासेबेपेक्षा जास्त प्रतिभावान वाटतो, त्यात वाद नाही. पण कागावाची सगळ्यात चांगली दोन-तीन वर्षं एका कोचच्या एका पद्धतीत होती, क्लॉपच्या डॉर्टमुंडमध्ये. ती पद्धत बदलली, जागा बदलली की तो हरवला, युनायटेडमध्ये त्याला डावीकडे उभा केला की तो अर्धा दिसायचा. मी त्याला दोष देत नाही, दहा नंबरच्या, म्हणजे अटॅकिंग मिडफिल्डच्या खेळाडूचं तसंच असतं, त्याच्याभोवती टीम बांधावी लागते.

हासेबेभोवती कोणी कधीच टीम बांधली नाही. तो दुसऱ्यांच्या टीममधली भगदाडं बुजवायला होता. मागाथ, शाफ, फे, कोवाच, ह्युटर, ग्लासनर, टोपमोलर, किती कोच आले आणि गेले बघा, प्रत्येकाची पद्धत निराळी, कोणी प्रेसिंगवाला कोणी मागे बसणारा. नवा कोच आला की पहिल्या महिन्यात म्हाताऱ्या खेळाडूंची यादी काढतो आणि दर वेळी ह्याचं नाव त्या यादीतून पुसलं गेलं. नाइलाजाने कोणाला 40 व्या वर्षापर्यंत बुंडेसलीगात ठेवत नाहीत हो.

सहानंबर
लिबेरोबद्दल थोडं लिहितो कारण ते मला सगळ्यात भारी वाटतं. मी स्वतः कॉलेजला सहा नंबरला, म्हणजे डिफेन्सिव्ह मिडफिल्डला खेळायचो, मला मागे सेंटर बॅकला टाकलं तेव्हा मी महिनाभर तोंड पाडून होतो, त्यामुळे मला हे आतून कळतं.

2016 ला फ्रँकफर्टला निको कोवाच आला तेव्हा टीम बुडत होती, रेलेगेशनच्या प्लेऑफला पोचली, हरली तर खालच्या लीगमध्ये. समोर कोण तर न्यूर्नबर्ग, हासेबेचा जुना क्लब. पहिली मॅच 1-1, दुसरी 1-0, वाचले. पुढच्या सीझनला कोवाचने तिघांची बॅकलाइन आणली आणि मध्ये हासेबेला उभं केलं. तेव्हा तो 32 चा. उंची 1.80 च्या आसपास, म्हणजे जर्मन स्ट्रायकरसमोर काही फार नाही, वेग तर कमी होत चाललेला. लोकांना वाटलं असेल तात्पुरतं आहे.

पण जागेचा विचार करा. मिडफिल्डमध्ये चारी बाजूंनी माणसं येतात, मान सतत फिरवावी लागते. दहा-बारा वर्षं ती सवय लागलेला माणूस लिबेरोला गेला की त्याला अख्खं मैदान समोर दिसतं, पाठीमागे फक्त कीपर. ज्याचे डोळे आणि अंदाज असे तयार झालेत त्याला ही जागा म्हणजे आराम नाही पण स्पष्टता. बाजूचे दोन सेंटर बॅक अब्राहम आणि नंतर हिंटरएगर, दोघे भिडणारे, पुढे जाऊन टक्कर घेणारे. त्यांच्या मागची जागा हासेबे झाकायचा. धावण्याची शर्यत लागायच्या आधीच तो पोचलेला असायचा म्हणून वेग कमी असल्याचं कळायचं नाही. आणि बॉल मिळाला की मिडफिल्डरचा पास होताच पायात.

तिथे असताना 2017 ला जर्मन कपची फायनल हरले डॉर्टमुंडशी, 2018 ला परत फायनल गाठली आणि बायर्नला 3-1 हरवलं. हासेबे पूर्ण वेळ खेळला. 2018 चा एशियन इंटरनॅशनल प्लेअर ऑफ द इयर तोच आहे, लिबेरो खेळून.

रविवारसकाळ
@सहानंबर "शर्यत लागायच्या आधीच पोचलेला" हे वाक्य आवडलं.

एक मला खटकलेली गोष्ट मांडू का, 2018 वर्ल्ड कपची पोलंडविरुद्धची मॅच. जपान 0-1 ने मागे, तरी शेवटची दहा मिनिटं मागच्या मागे बॉल फिरवत बसले, प्रेक्षक शिट्ट्या मारत होते. आणि तो निरोप घेऊन मैदानात गेला कोण तर हासेबे.

मधलीफळी
हो, यावर बोलायलाच हवं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: 28 जून 2018, वोल्गोग्राड. त्याच वेळी दुसऱ्या मॅचमध्ये सेनेगल कोलंबियाविरुद्ध 0-1 ने मागे. दोन्ही स्कोअर तसेच राहिले तर जपान आणि सेनेगलचे पॉइंट, गोलफरक, केलेले गोल, आपसातली मॅच, सगळं सारखं, मग ठरणार पिवळ्या कार्डांवर. जपानची चार, सेनेगलची सहा. कोच निशिनोने त्या दिवशी सहा बदल केले होते आणि हासेबेला बसवलं होतं. 82 व्या मिनिटाला त्याला आत पाठवलं. निरोप हाच की दुसरा गोल खाऊ नका आणि कार्ड घेऊ नका.

मला तो खेळ बघायला आवडला नाही. पण त्या क्षणी सेनेगलने एक गोल मारला असता तर जपान बाहेर गेलं असतं आणि आयुष्यभर सगळे हासेबेच्या नावाने बोलले असते. असला निरोप घेऊन जायला कॅप्टनच लागतो, बाकी कोणी सांगितला असता तर दहा जणांनी ऐकला नसता.

रविवारसकाळ
कॅप्टनचाच ऐकला असता हे मान्य, पण सांगायलाच नको होता असं माझं मत. जिंकायला किंवा निदान बरोबरी करायला खेळायचं, दुसऱ्या मैदानावर काय होतं त्यावर विसंबून राहायचं नाही. सेनेगलच्या खेळाडूंनी काय चूक केली होती?

तिठा
इथे मी उलट बाजूला आहे. नियम सगळ्यांना आधीपासून माहीत होता. आणि तो निर्णय घेतला म्हणून तर बेल्जियमची मॅच मिळाली, 2-0 ने पुढे होते 52 व्या मिनिटाला, जगातल्या सगळ्यात भारी टीमपैकी एकीसमोर. त्यातला दुसरा गोल इनुईचा, तो पण फ्रँकफर्टला हासेबेबरोबर खेळलेला.

काजवा
आणि मग 3-2. चादलीचा तो 94 व्या मिनिटाचा गोल. जपानचा कॉर्नर होता हो! त्यांचा कीपर कुर्त्वाने बॉल पकडला आणि दहा सेकंदात पलीकडे गोल. मला अजून बघवत नाही. त्याच मॅचनंतर हासेबेने राष्ट्रीय टीम सोडली ना?

मधलीफळी
हो. 114 मॅच, त्यातल्या 81 कॅप्टन म्हणून, तीन वर्ल्ड कपला कॅप्टन. आणि कॅप्टन झाला तोही अचानक, 2010 च्या वर्ल्ड कपच्या तोंडावर जपान वाईट हरत होतं, कोच ओकादाने नाकाझावाकडून आर्मबँड काढून 26 वर्षांच्या हासेबेला दिली. टीममध्ये त्याच्याहून मोठे कितीतरी होते आणि आपल्यासारखंच तिकडेही वयाचा मान मोठा, त्यामुळे अवघडच झालं असणार. तरी कॅमेरून आणि डेन्मार्कला हरवून पुढे गेले, पॅराग्वेशी पेनल्टीवर हरले. पुढच्याच वर्षी जानेवारीत दोहाला एशियन कप उचलला त्याने.

त्याच 2011 च्या मार्चमध्ये जपानमध्ये त्सुनामी आली. त्या सुमारास त्याचं पुस्तक निघालं, ते प्रचंड खपलं, आणि त्याचं मानधन त्याने युनिसेफमार्फत त्सुनामीत उद्ध्वस्त झालेल्या मिनामिसानरिकुमधली बालवाडी परत उभारायला दिलं. स्वतः जर्मनीत होता, मॅच चालू होत्या.

निळाशर्ट
2022 ची फायनल कोण लिहिणार? नाहीतर मी लिहितो.

काजवा
मी लिहिते, प्लीज. ती मी रात्रभर जागून पूर्ण पाहिली आहे.

18 मे 2022, सेव्हिल, युरोपा लीगची फायनल, फ्रँकफर्ट विरुद्ध रेंजर्स. बार्सिलोनाला त्यांच्याच घरी 3-2 हरवून आले होते, कँप नोमध्ये फ्रँकफर्टचे तीसेक हजार लोक घुसले होते ती मॅच आठवत असेल. फायनलला हासेबे बेंचवर, 38 वर्षांचा. 57 व्या मिनिटाला फ्रँकफर्टचा डिफेंडर टुटा धावताना घसरून पडला, रेंजर्सचा अरिबो एकटा सुटला आणि 1-0. टुटाला उठताच येईना. आणि कॅमेरा बेंचकडे गेला तर हासेबे जर्सी नीट करतोय.

मला तेव्हा खरंच वाटलं की संपलं, उकाडा प्रचंड, 38 चा माणूस, समोर ताजे रेंजर्सवाले पळतायत. पण त्याने आत आल्यावर पहिलं काय केलं तर सगळ्यांना हाताने खाली बसा-बसा अशी खूण, घाई नको. दहा-बारा मिनिटांत आपल्या बोरेचा गोल, 1-1. मग एक्स्ट्रा टाइम, 118 व्या मिनिटाला रेंजर्सच्या केंटचा अगदी जवळून मारलेला शॉट आपला कीपर ट्रापने पायाने अडवला, मग पेनल्टी, रॅमसीची ट्रापने अडवली, कामादाने आपली मारली, शेवटची बोरेने. हासेबे शेवटपर्यंत मैदानावर होता. कप हातात घेतलेला त्याचा फोटो अजून माझ्याकडे आहे.

सहानंबर
यात एक धागा जोडतो. फ्रँकफर्टचा याआधीचा युरोपियन कप 1980 चा युएफा कप, त्याच्या 42 वर्षं आधीचा. त्या टीममध्ये कोण होतं? कोरियाचा चा बुम-कुन. बुंडेसलीगात आशियाई खेळाडूंचा मॅचचा रेकॉर्ड पण चा बुम-कुनचाच होता, 308 मॅच आणि 98 गोल. तो रेकॉर्ड जून 2020 मध्ये हासेबेने मोडला, फ्रँकफर्टच्याच शर्टमध्ये. एकाच क्लबच्या दोन युरोपियन कपांमध्ये दोन आशियाई माणसं, एक गोल मारणारा आणि एक गोल होऊ न देणारा.

तिठा
हे वाचून मी माझं वरचं म्हणणं थोडं मागे घेतो. पूर्ण नाही, कागावा मला अजूनही वरचढ वाटतो. पण न्यूर्नबर्ग-फ्रँकफर्ट अशी नावं घेऊन मी जे बोललो ते घाईत बोललो. वोल्फ्सबुर्गला 135, न्यूर्नबर्गला 14, फ्रँकफर्टला 235, बेरीज करून बघितली. 235 मॅच एका क्लबला म्हणजे त्या शहराने त्याला आपला मानलाच असणार.

मधलीफळी
@तिठा मानलाच आहे. जर्मन शिकला, जर्मनमध्ये मुलाखती द्यायचा, आणि रिटायर झाल्यावर गेला नाही, त्याच क्लबच्या अंडर-21 च्या कोचिंग स्टाफमध्ये लागला. 2024 पासून जपानच्या राष्ट्रीय टीमलाही कोच म्हणून मदत करतोय, म्हणजे आता जी पोरं जर्मनीत खेळतात त्यांना तिथेच भेटतो. वीस नंबरचा शर्ट घालणारा माणूस ट्रॅकसूटमध्ये आला इतकाच फरक.

रविवारसकाळ
पोलंडवर माझं मत बदललेलं नाही, पण मला आता याचा खेळ नीट बघायचाय. मी आजवर बॉलच बघत आलोय. एकच मॅच बघायची तर कुठली?

सहानंबर
2 मे 2019, युरोपा लीग सेमीफायनलचा पहिला लेग, फ्रँकफर्ट-चेल्सी, 1-1. बॅकलाइनमध्ये अब्राहम, हासेबे, हिंटरएगर. बॉल बघू नका, निदान वीस मिनिटं फक्त 20 नंबरकडे बघा.

रविवारसकाळ
बघितली काल. वीस मिनिटं म्हणालात, पूर्ण हाफ बघितला. बॉल दुसऱ्या टोकाला असतानाही त्याचं बोट कुठेतरी दाखवत असतं, याला इकडे, त्याला तिकडे. फ्रँकफर्टच्या योविचच्या गोलनंतर सगळं स्टेडियम उड्या मारतंय आणि रिस्टार्ट व्हायच्या आत हा परत दोघांना जागा दाखवतोय. दुसरा हाफ आज रात्री.